एका रात्रीसाठी केलेला कागद

वाचकांचे प्रश्न : जुन्या वस्तूंचा संग्रह

हॅलोवीनच्या जुन्या सजावटीविषयी या सदराकडे कधी पत्रे येतील, असे दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर मला ते खरे वाटले नसते. आता मात्र दरवर्षी दिवाळीच्या आधी अशी काही पत्रे हमखास येतात. त्यांतील निम्मी अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची असतात आणि निम्मी, तिकडून भेट म्हणून आलेल्या वस्तू सांभाळणाऱ्या इथल्या नातेवाइकांची. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा हा सण आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेला, तिथे सलगम कोरण्याऐवजी भोपळा कोरला जाऊ लागला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत घरगुती मेजवान्यांच्या निमित्ताने त्याच्या सजावटीचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. या अंकात त्या विषयावरील निवडक पत्रे, जागेअभावी संक्षिप्त करून, एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही १९२०च्या सुमारास बांधलेले एक घर विकत घेतले. माळ्यावर एक खोका सापडला. त्यात पाठीला बाक दिलेले पुठ्ठ्याचे काळे मांजर, हातपाय हलणारा कागदी सांगाडा, कागदाच्या लगद्याचा भोपळ्याच्या तोंडाचा कंदील, पत्र्याचे काही खुळखुळे आणि ‘बोगी बुक’ असे नाव छापलेली एक पातळ पुस्तिका आहे. यजमान म्हणतात ही रद्दी आहे. मुलगा म्हणतो ताबडतोब इंटरनेटवर विकू. काय करावे?
— एक वाचिका, एडिसन (न्यू जर्सी)

उत्तर : दोघांनीही थोडा धीर धरावा. खोका आहे तसा, एकही वस्तू न पुसता, आधी वरून आणि मग थराथराने छायाचित्रित करून ठेवावा आणि तो कोणत्या घरात, कोणत्या ठिकाणी मिळाला याची एका कागदावर तारखेसह नोंद करून तो कागद खोक्यातच ठेवावा. एकाच घरातून एकत्र निघालेल्या वस्तू सुट्या झाल्या की त्यांच्याविषयीची निम्मी माहिती कायमची जाते, आणि ती पुन्हा कोणत्याही किमतीला विकत मिळत नाही.

आपल्या खोक्यातील सर्वांत बोलकी वस्तू ती पुस्तिका आहे. मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅमच्या डेनिसन कंपनीचा क्रेप कागदाचा मोठा व्यवसाय होता, आणि तो कागद खपावा म्हणून घर कसे सजवावे, पोशाख कसे शिवावेत, पाहुण्यांना कोणते खेळ खेळायला लावावेत हे सांगणाऱ्या या पुस्तिका ती काही सेंटांना विकत असे. पहिली ‘बोगी बुक’ १९०९ची आहे. पुढे १९१२पासून १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ दरवर्षी निघाली. म्हणजे वस्तुतः ही जाहिरात होती. पण आज तीच संग्राहकांची संदर्भपोथी झाली आहे, कारण कंपनीच्या कोणत्या वस्तू कोणत्या वर्षी बाजारात होत्या हे तिच्यातील चित्रांवरून ठरवता येते. आपले मांजर त्या पानांवर कुठे दिसते का, हे सावकाश पाहावे. मात्र पुस्तिकेचे वर्ष तेच सगळ्या खोक्याचे वर्ष, असे गृहीत धरू नये. घरोघरी अशा वस्तू वीस-वीस वर्षे साचत आलेल्या असतात.

मांजराच्या पाठीवर बोटे फिरवून पाहावीत. जर्मनीत छापलेल्या आणि साच्याने कापलेल्या पुठ्ठ्याच्या आकृतींना खोल उठाव असतो, मिशा आणि केस बोटांना जाणवतात, रंगावर दाट झिलई असते आणि मागे कुठेतरी बारीक अक्षरांत ‘जर्मनी’ एवढाच शब्द असतो किंवा काहीच नसते. अमेरिकी पुठ्ठा त्या मानाने सपाट आणि कमी रंगांचा असतो. सांगाडा बहुधा पेनसिल्व्हेनियातील शिपेन्सबर्गच्या बाइस्टल कंपनीचा असावा. मार्टिन ल्यूथर बाइस्टल यांनी ती १९००मध्ये पिट्सबर्गला काढली आणि १९०७मध्ये शिपेन्सबर्गला नेली. मधाच्या पोळ्यासारख्या उलगडणाऱ्या पतंगी कागदाच्या सजावटी अमेरिकेत रुळवण्यात तिचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात टांगतात त्या उघडमिटीच्या कागदी गोळ्यांची ही सख्खी बहीणच. ही कंपनी आजही चालू आहे आणि सांधे असलेले सांगाडे ती पिढ्यानपिढ्या विकत आली आहे, त्यामुळे सांगाडा आहे म्हणजे तो जुनाच, असे नाही. सांध्यांवरील धातूच्या टिकल्यांचा गंज भोवतीच्या कागदात कितपत उतरला आहे, पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडा आतून किती तपकिरी झाल्या आहेत आणि कंपनीची खूण कोणत्या स्वरूपात आहे, हे तिन्ही एकत्र पाहावे लागते.

कंदिलाविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण खोक्यातील सर्वांत नाजूक वस्तू तीच. अमेरिकी लगद्याचे कंदील अंड्यांच्या ट्रेप्रमाणे ओला लगदा साच्यात दाबून बनवत, म्हणून ते जाड, खरखरीत आणि आतून राखाडी असतात. मिलवॉकी आणि बफेलो येथील कारखान्यांतून १९३०च्या आणि १९४०च्या दशकांत ते मोठ्या संख्येने निघाले. जर्मन कंदील त्याहून पातळ, वर पांढऱ्या लेपाचा गुळगुळीत थर आणि त्यावर रंग असे असतात. त्यांचे चेहरेही अधिक खोडकर, कधी खरोखरच भीतिदायक. दोन्ही प्रकारांत डोळ्यांच्या आणि दातांच्या मागे रंगीत पातळ कागद चिकटवलेला असतो, आणि आत पेटती मेणबत्ती ठेवायची असल्यामुळे तोच कागद सर्वांत आधी जळे. मूळ कागद शाबूत असलेला कंदील आणि नवा कागद लावलेला कंदील यांच्या किमतीत फार मोठा फरक पडतो. आपल्या कंदिलातला कागद फाटका असला तरी तो काढून टाकू नये, आणि मुलाला हौस आली तरी आत मेणबत्ती किंवा पणती लावू नये.

विकायचे की नाही हा कुटुंबाचा प्रश्न आहे. मी एवढेच सांगेन की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गिऱ्हाईक हौशी असते आणि भाव चढे असतात. विकणाऱ्याने तेव्हा विकावे आणि घेणाऱ्याने नोव्हेंबरनंतर घ्यावे. घेण्याची इच्छा झालीच तर पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅडम्सटाउन हे जुन्या वस्तूंच्या दुकानांचे गाव आपल्याला गाडीने जाण्याजोगे आहे, आणि मॅसॅच्युसेट्समधील ब्रिमफील्डचा मोठा जुना बाजार मे, जुलै आणि सप्टेंबर असा वर्षातून तीनदा भरतो. यजमानांना मात्र हे जरूर सांगावे की त्यांचे मत चुकीचे नसून शंभर वर्षे उशिरा आलेले आहे. ज्यांनी या वस्तू विकत घेतल्या त्यांनाही ती रद्दीच वाटत होती. नाताळची काचेची आभूषणे घरोघरी कापसात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवली जात. हॅलोवीनचे मांजर मात्र रात्र सरली की भिंतीवरून ओरबाडून चुलीत जाई. त्याच जर्मन कारागिरांनी दोन्ही सणांसाठी काम केले, तरी हॅलोवीनचा माल आज कितीतरी दुर्मीळ आहे तो यामुळेच.

प्रश्न : मी अनेक वर्षे जुनी रंगीत शिळाछाप चित्रे जमवतो. हल्लीच एका परदेशी विक्रेत्याकडून ‘१९२०ची जर्मन चेटकीण’ म्हणून पुठ्ठ्याची आकृती मागवली. ती मागून छान पिवळसर-तपकिरी आहे, पण मनात शंका आहे. खरे-खोटे कसे ओळखावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या हातात आधीच एक विद्या आहे, ती वापरावी. राजा रविवर्मा यांचा १८९४मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना जर्मन यंत्रांवर आणि जर्मन तंत्रज्ञांच्या मदतीने चालत असे, आणि त्या काळातील जर्मन सजावटीची छपाईही त्याच कुळातली, म्हणजे दगडावरून एकेक रंग चढवत जाणारी आहे. आपल्या संग्रहातील लक्ष्मीच्या चित्रावर दहापट भिंग धरल्यास गालांवर हाताने टाकलेले अनियमित ठिपके दिसतात. तेच भिंग चेटकिणीच्या नाकावर धरावे. तिथेही तसेच वेडेवाकडे ठिपके आणि एकमेकांवर सरकलेले सपाट रंग दिसले तर ती चांगली खूण आहे. चार रंगांच्या ठिपक्यांची अगदी एकसारखी फुले दिसली, किंवा तुषार उडाल्यासारखे सूक्ष्म कण दिसले, तर १९२०चे नाव विसरावे. एक सावधगिरी मात्र बाळगावी : १९३०नंतरच्या अमेरिकी मालात यांत्रिक जाळीचे ठिपके आढळू शकतात, म्हणून ही कसोटी जर्मन म्हणून विकल्या जाणाऱ्या जुन्या मालालाच कडकपणे लावावी.

दुसरी कसोटी अतिनील दिव्याची. नोटा तपासण्यासाठी दुकानदार वापरतात तो छोटा दिवाही चालतो. १९५०च्या आसपासपासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायने घातली जाऊ लागली. असा कागद अंधारात त्या दिव्याखाली निळसर-पांढरा पेटल्यासारखा दिसतो. त्यापूर्वीचा कागद मंद राहतो. चेटकीण चमकली तर वाद संपला. चमकली नाही तर मात्र वाद संपत नाही, कारण जुना कोरा पुठ्ठा मिळवून त्यावर छापणारेही आहेत आणि आजही चकाकीविना बनणारा कागद आहे.

आता त्या ‘छान’ पिवळसर रंगाविषयी. मला तोच शब्द खटकला. चहाच्या किंवा कॉफीच्या पाण्याने दिलेला रंग सगळीकडे सारखा असतो, किंवा ओघळांच्या कडांवर गडद होतो. वयाने येणारा रंग कडांपासून आत सरकतो, भिंतीला चिकटलेल्या भागात कमी आणि उघड्या भागात जास्त असतो, आणि टाचणीच्या भोकाभोवती गंजाचे एक बारीक वलय ठेवून जातो. अशी भोके असली तर आनंद मानावा. ती वस्तू वापरली गेल्याची साक्ष आहे. उलट, अगदी कोरी वस्तू दिसली म्हणून ती खोटीच, असेही समजू नये, कारण आज चांगल्या स्थितीत मिळणारा कितीतरी माल हा दुकानांच्या तळघरांत न विकता पडून राहिलेला आहे.

देशाच्या नावाची खूण उपयोगी पडते, पण ती एकाच दिशेने. अमेरिकेत १८९०च्या जकात कायद्याने आयात मालावर उगमदेशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे केले आणि ते १८९१पासून अमलात आले; म्हणून ‘जर्मनी’ असे छापलेली वस्तू त्यानंतरची. पण नाव नसले म्हणजे ती त्यापूर्वीची, हा विक्रेत्यांचा आवडता तर्क फसवा आहे, कारण अनेकदा नाव फक्त डझनाच्या वेष्टनावर असे. ‘पश्चिम जर्मनी’ असे असले तर वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतरची, आणि ‘व्याप्त जपान’ असे असले तर युद्धाची अखेर ते १९५२चा एप्रिल या काळातली. आणखी एक गोष्ट : बाइस्टलसारखी कंपनी आपलेच जुने नमुने पुन्हा काढते आणि त्यावर तशी प्रामाणिक खूण छापते. फसवणूक होते ती पुढच्या हातांत, जेव्हा कोणी ती खूण कात्रीने कापून टाकतो. म्हणून आकृतीच्या तळाची कड इतर कडांपेक्षा ताजी, पांढरी दिसते का, हे आवर्जून पाहावे.

प्रश्न : माझी मुलगी पिट्सबर्गला असते. ती दरवर्षी मला हॅलोवीनची एक-दोन जुनी पोस्टकार्डे पाठवते. आता ती वीसेक झाली आहेत. त्यांचे वय कसे ओळखावे आणि आमच्या कोकणातील पावसाळ्यात ती कशी टिकवावीत?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : कार्ड आधी उलटे करावे. अमेरिकेत १ मार्च १९०७पासून पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहिण्याची मुभा मिळाली, म्हणून मागे मध्ये उभी रेघ असलेले अमेरिकी कार्ड त्यानंतरचे. चित्राभोवती पांढरी चौकट असली तर ते साधारण १९१५ ते १९३०मधले, आणि कागदाला कापडासारखा पोत असला तर १९३० ते १९४५च्या सुमाराचे. टपालाचा शिक्का वाचता आला तर प्रश्नच मिटला, फक्त काही लोक जुनी कार्डे वर्षानुवर्षे ठेवून मग टपालात टाकत, हे ध्यानात असावे.

या कार्डांचा खरा बहर १९०५ ते १९१५ या दहा वर्षांचा. तेव्हाची उत्तम कार्डे बहुतांशी जर्मनीत छापली जात आणि पहिल्या महायुद्धाने तो मार्ग बंद झाला. चित्रकार एलन क्लॅपसॅडल यांनी काढलेली गुबगुबीत गालांची मुले आपल्याकडे असतील तर कोपऱ्यात त्यांची सही शोधावी. न्यूयॉर्कचे प्रकाशक जॉन विन्श यांच्यासाठी सॅम्युअल शमकर यांनी काढलेल्या लांब मानेच्या देखण्या चेटकिणी संग्राहकांना सर्वांत प्रिय आहेत. त्यांवर चित्रकाराचे नाव नसते, पण प्रकाशकाचे नाव आणि छपाईच्या हक्काचे (कॉपीराइटचे) वर्ष बारीक अक्षरांत असते. माझ्या मते या सगळ्या विषयात कमी खर्चात, कमी जागेत आणि सर्वांत जास्त आनंद देणारा संग्रह पोस्टकार्डांचाच आहे. आपल्या मुलीची निवड चांगली आहे. आणि मागचा मजकूर वाचल्याशिवाय कार्ड ठेवून देऊ नये. तरुण मुलींनी त्या रात्री आरशात भावी नवरा दिसतो का ते पाहण्याच्या खेळाविषयी चित्रात असते, आणि मागे मात्र बहुधा ‘गाय आजारी आहे, रविवारी या’ असे काहीतरी असते.

कोकणातील दमटपणा हा कागदाचा शत्रू आहे खरा, पण उपाय साधे आहेत. प्रत्येक कार्ड पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पाकिटात ठेवावे. वास येणारे मऊ पीव्हीसीचे पाकीट कधीही वापरू नये, कारण त्यातून निघणारी द्रव्ये शाईला चिकटतात. पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह उभी ठेवावीत आणि पुड्या महिन्यातून एकदा वाळवून घ्याव्यात. डबा बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर नसावा. डांबराच्या गोळ्या घालू नयेत. कसरीला त्या थोड्या दूर ठेवतात, पण काही प्लास्टिकांना मऊ करून टाकतात. आपल्या आजी-पणजी पोथ्यांजवळ वेखंडाची पुरचुंडी ठेवत, ती चालेल, फक्त ती कागदाला टेकू देऊ नये. पोथी लाल कापडात बांधण्याची चाल मात्र इथे पाळू नये, कारण ओलाव्यात तो रंग सुटतो. बांधायचेच असेल तर धुऊन वाळवलेले मांजरपाट घ्यावे. काळ्या मांजरांच्या कार्डांना ते शोभेलही. आणि दर पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास कोरड्या दिवशी, सावलीत एकेक कार्ड काढून पाहावे.

प्रश्न : भेट आलेल्या कागदी घुबडाचा पंख फाटला आहे. घरी चिकटपट्टी आहे, किंवा मैद्याची खळ करता येईल. कोणते बरे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही नकोत. चिकटपट्टीचा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे. पंचवीस वर्षांपूर्वी एका कागदी वटवाघळाच्या कानामागे मी मोठ्या प्रेमाने तिचा तुकडा लावला. आज प्लास्टिक गळून पडले आहे आणि गोंदाचा तपकिरी डाग पुठ्ठ्याच्या पुढच्या बाजूपर्यंत आला आहे. मैद्याच्या खळीत प्रथिने असतात, तिला कसर आणि झुरळे लागतात. कागदाचे जतन करणारे जाणकार मैद्याऐवजी गव्हाचे शुद्ध स्टार्च शिजवून त्याची पातळ खळ करतात आणि जपानी हातकागदाची बारीक पट्टी मागून लावतात; अशी दुरुस्ती पुढे कधीही पाण्याच्या हलक्या हाताने सोडवता येते. आपल्या वस्तूत क्रेप कागद असेल तर तेवढेही पाणी चालणार नाही, कारण त्याचा रंग थेंबभर ओलाव्यानेही पसरतो. अशा वेळी पंख तसाच ठेवून आकृती दोन कोऱ्या पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवावी. लॅमिनेशनचा विचार मनात आला असल्यास तो तिथेच सोडावा.

प्रश्न : घरात दोन वस्तू आहेत. एक पत्र्याचा कर्रकर्र वाजणारा खेळ, ज्यावर चेटकिणीचे चित्र आहे आणि गंज धरू लागला आहे. दुसरी नारिंगी-काळी हलकी बाहुली, जिला कापरासारखा वास येतो आणि जी हाताला चिकट लागते. दोन्ही काचेच्या एकाच कपाटात ठेवली आहेत.
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : आधी बाहुली त्या कपाटातून बाहेर काढावी, आणि हे पत्र वाचून होताच काढावी. कापराचा वास येतो याचा अर्थ ती बहुधा सेल्युलॉइडची, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची आहे. मॅसॅच्युसेट्समधील लेमिन्स्टरच्या व्हिस्कोलॉइड कंपनीने अशी अनेक खेळणी केली. तळाशी व्ही, सी आणि ओ ही अक्षरे गुंफलेली खूण असते. हा पदार्थ सहज पेट घेतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो कुजू लागला की त्यातून आम्लयुक्त वायू निघतात, जे शेजारच्या सेल्युलॉइडला, कागदाला आणि पत्र्याला खातात. चिकटपणा ही त्या कुजण्याचीच सुरुवात आहे. आपल्या पत्र्याला धरलेला गंजही कदाचित तिथूनच आलेला असेल. बाहुली थंड, हवेशीर जागी, बंद डबा टाळून, इतर सर्व वस्तूंपासून वेगळी ठेवावी. दिवा, हीटर आणि ऊन यांपासून दूर.

पत्र्याचा तो खेळ न्यूअर्कच्या किर्खहॉफचा किंवा ब्रुकलिनच्या टी. कोन यांचा असू शकेल. मुठीजवळ किंवा कडेला कंपनीचे नाव असते. आपल्या जत्रांतील पत्र्याच्या टिकटिकीचे हे नातेवाईक, आणि छपाई थेट पत्र्यावर केलेली असल्यामुळे ती अतिशय पातळ असते. चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासायची पावडर लावली तर गंजाबरोबर चेटकीणही निघून जाईल. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढावी, दमटपणा कमी करावा आणि गंज आहे तिथेच थांबू द्यावा. जुना रंग शिशाचा असू शकतो, म्हणून नातवंडांच्या तोंडात तो जाऊ देऊ नये.

प्रश्न : मुंबईच्या चोर बाजारात अशा वस्तू मिळतील का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मिळण्याची आशा धरू नये. जो सण इथे साजरा होत नव्हता त्याची सजावट इथल्या माळ्यांवर असण्याचे कारण नाही. तिथे ‘जुने हॅलोवीन’ म्हणून काही दाखवले गेले, तर ते अलीकडे इथपर्यंत कसे आले हे आधी विचारावे.

प्रश्न : माझ्या अमेरिकी शेजाऱ्यांनी त्यांच्या लहानपणचा, १९६०च्या दशकातला, खोक्यातला पोशाख आणि प्लास्टिकचा मुखवटा मला दिला. त्याला ‘अँटिक’ म्हणावे का?
— एक वाचिका, सिअ‍ॅटल

उत्तर : म्हणू नये. अमेरिकेच्या जकात नियमांतही अँटिक म्हणजे शंभर वर्षांहून जुनी वस्तू. पण नावाने वस्तूचे मोल कमी होत नाही. दुसऱ्या महायुद्धातील साखरेचे रेशनिंग १९४७मध्ये उठल्यावर घरोघरी गोड मागत फिरण्याची चाल अमेरिकेत झपाट्याने पसरली, आणि मोठ्यांच्या मेजवानीचा सण लहान मुलांचा झाला. भिंतीवरच्या पुठ्ठ्याची जागा अंगावरच्या पोशाखाने घेतली ती तेव्हा. ब्रुकलिनची बेन कूपर ही त्या धंद्यातली सर्वांत मोठी नावाजलेली कंपनी. पेनसिल्व्हेनियातील कॉलेजव्हिल कंपनी तर मुळात झेंडे शिवणारी, आणि उरलेल्या कापडातून तिने पोशाखांना सुरुवात केली.

या पोशाखांत कापडापेक्षा खोका महत्त्वाचा असतो. पारदर्शक खिडकी असलेला तो पातळ पुठ्ठ्याचा खोका, त्यावरील आकाराची चिठ्ठी आणि दुकानाच्या किमतीचा कागद हे सर्व जपावे. मुखवट्याचे प्लास्टिक वाकवून पाहू नये, ते ठिसूळ झालेले असते. मागचा रबराचा दोरा कुजला असेल तर तो ओढू नये आणि नवाही लावू नये. मुखवटा आतून कोऱ्या पातळ कागदाच्या बोळ्यांनी भरून, तोंड वर करून ठेवावा. पोशाख इस्त्रीला देऊ नये. आणि शेजाऱ्यांकडून एक गोष्ट आजच करून घ्यावी : तो पोशाख कोणत्या वर्षी, कोणत्या दुकानातून घेतला आणि त्या रात्री कुठे कुठे हिंडले, हे त्यांच्याच हाताने दोन ओळींत लिहून घ्यावे. त्या पोशाखातला एखादा फोटो त्यांच्याकडे असेल तर त्याची प्रत मागण्यात संकोच करू नये.

प्रश्न : दिरांनी अमेरिकेहून हॅलोवीनच्या जुन्या सात-आठ वस्तू आणून दिल्या. मला त्या बैठकीत लावायच्या आहेत, पण सासूबाईंना घरात कवटी, घुबड आणि काळे मांजर नको आहे. त्यांचे म्हणणे मोडायचे नाही. काही मार्ग आहे का?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : सासूबाईंनी ज्या तीन वस्तूंना हरकत घेतली त्याच तीन या सजावटीत भीती घालण्यासाठी आहेत, म्हणजे त्यांनी चित्रांचा अर्थ अगदी बरोबर वाचला आहे. त्या तीन वस्तू कागदात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. उजेड कमी लागेल तेवढ्या त्या अधिक टिकतील. बाकीच्यांत पाहावे : जर्मन कारागिरांनी या सणासाठी भाजीपाल्याची माणसेही खूप केली आहेत, गाजराचे नाक, मक्याच्या कणसाचे अंग, कोबीचे डोके अशी, आणि हसरे चंद्रही. ती आपल्याकडे असतील तर काच लावलेल्या चौकटीत, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर नव्हे तर तिच्या बाजूच्या भिंतीवर, थेट ऊन न लागेल अशी लावावीत. चौकटीच्या आतला पुठ्ठा आम्लविरहित असावा आणि आकृती काचेला टेकू नये. राहिला भोपळ्याचा कंदील. आपल्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून कोहळा टांगलेला असेलच. आयर्लंडमध्येही कोरलेल्या तोंडाचा दिवा दारात ठेवत तो वाईट शक्तींना दूर ठेवण्यासाठीच, असे परंपरेने सांगतात. हे सासूबाईंना सांगून पाहावे. त्यांनी होकार दिल्यास कंदील दारावर मात्र टांगू नये, लगद्याला पावसाची झड सोसत नाही.